कंदीलवालीचं शुद्धिपत्र

अमेरिकेला जाऊन नायगारा न बघता परत आलेली आमच्या गल्लीत मी एकटीच. भेटेल त्याचा पहिला प्रश्न तोच. नाही बघितला म्हटलं की समोरच्याचं तोंड असं होतं, जसं काही मी कोल्हापुरात येऊन अंबाबाईला न जाताच परत गेले. मग मी सांगते, बाबा, मी इलिनॉयच्या पार दक्षिणेला एका कोळशाच्या खाणीच्या गावी चार दिवस जाऊन आले. "तिथं काय आहे?" काही नाही. एक बंद पडलेली खाण, एक पाण्याची टाकी, मैलोन् मैल मका आणि एक म्हातारी. गावाचं नाव मी लिहिणार नाही. म्हातारीचं इथं दिलेलं नावही खरं नाही. तसं का, ते पुढं कळेलच.

नेपरव्हिल, बुधवार

माझा धाकटा भाऊ दिलीप शिकागोजवळच्या या गावात तीस-पस्तीस वर्षं राहतो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी गेले होते. त्याची मुलगी गार्गी तिथंच जन्मली, वाढली. सोमवार ते शुक्रवार एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि शनिवार-रविवार भुताखेतांच्या मागे हिंडते. म्हणजे लिहिते त्यांच्यावर. वहिनी हे सांगताना कपाळाला हात लावते.

अमेरिकेतल्या चमत्कारिक लोककथा लिहिणाऱ्या लेखकांचा एक संघ आहे. नाव लांबलचक आहे, पण सगळे नुसतं 'गिल्ड' म्हणतात. कुणी न्यू जर्सीच्या पाइनच्या रानातल्या पंखवाल्या सैतानावर लिहितं, तर कुणी लाकूडतोड्यांनी सांगितलेल्या, कायम माणसाच्या पाठीमागेच लपणाऱ्या जनावरावर. मला वाटायचं भुतं म्हणजे आपलीच मक्तेदारी. मुंजा, हडळ, चकवा, काय कमी आहेत? पण त्यांच्याकडेही भरपूर पीक आहे. दर वर्षी गिल्डचा एक संग्रह निघतो आणि त्याचे दोन नियम कडक आहेत. एक, जे ऐकलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. दुसरा ऐकून मात्र मी सरळ होऊन बसले. छापलेल्या गोष्टीत चूक निघाली आणि त्यानं कुणाला इजा झाली, तर लेखकानं त्या गावी जायचं, तिथल्या माणसांसमोर उभं राहायचं आणि दुरुस्ती मोठ्यानं वाचायची. ज्याला लागलं असेल त्यानं मग काय ते बोलायचं. त्याचं बोलणं कानामात्रा न बदलता पुढच्या संग्रहाच्या पहिल्या पानावर छापलं जातं.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. आमच्याकडं शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला चिठोरा. तो कुणी वाचत नाही. लेखकाच्या घोडचुकाही त्यात 'मुद्रणदोष' म्हणून जातात आणि बिचारा खिळे जुळवणारा जुळारी शिव्या खातो. इथं माणूस जिथं चूक केली त्या दारात स्वतः जाऊन उभा राहतो म्हणे. मी म्हटलं, हे बघायलाच पाहिजे.

बघायची संधी अशी आली, की यंदा त्या दारात उभं राहायची पाळी गार्गीचीच होती.

तिनं गेल्या संग्रहात 'कंदीलवाली'ची गोष्ट लिहिली होती. त्या खाणीच्या गावात जुनी समजूत आहे, की रेल्वेच्या बांधावर एक बाई हातात कंदील घेऊन चालताना दिसते आणि ज्याला दिसते त्याच्या घरात मृत्यू होतो. गार्गीनं लिहिलं, की या बाईचा नवरा दारू पिऊन उघडी ज्योत घेऊन खाणीत उतरला, त्यानं स्फोट झाला, माणसं मेली आणि ती शरमेनं आजही फिरते. शिवाय बाई कुठल्या घरात राहायची तेही लिहिलं. टाकीच्या मागचं निळं घर.

त्या निळ्या घरात आजही माणूस राहतं. एडना नावाची ऐंशी ओलांडलेली बाई, कंदीलवालीची सख्खी नात. पुस्तक निघाल्यापासून दर शनिवारी पोरंटोरं मोबाइल घेऊन तिच्या अंगणात उभी राहायला लागली. एडनानं गिल्डला पत्र लिहिलं. गार्गीनं ते मला दाखवलं. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ होती. 'माझी आजी भूत होऊन फिरते असं गाव पूर्वीपासून म्हणतं, त्याला माझी हरकत नाही. पण माझे आजोबा दारुडे नव्हते.'

"एकटी जाऊ नको," वहिनी म्हणाली. दिलीपला पाय वाकवता येत नव्हता. म्हणून सोबतीला मी.

गुरुवार, रस्त्यात

सहा तासांची वाट. आधी सगळं सपाट, मग हळूहळू टेकड्या. मक्याची कापणी चालली होती. एक अवाढव्य यंत्र रस्ताभर पसरून आमच्यापुढं चाललं होतं आणि मागं वीस गाड्या, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्याकडं एव्हाना ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

दुपारी एका साध्या खाणावळीत, ज्याला ते डायनर म्हणतात, गार्गीनं मला तिकडची बिस्किटं खायला लावली. ती आपली चहातली नव्हेत. मऊ पाव असतो आणि त्यावर पांढरं कालवण. दिसायला थेट पांढरा रस्सा! मी आशेनं पहिला घास घेतला. पीठ. नुसतं दुधात शिजवलेलं पीठ आणि मिरी. मी पर्समधली कांदा-लसूण चटणी काढली आणि त्या पिठाचा उद्धार केला.

पुन्हा गाडीत बसल्यावर म्हटलं, "तुझं शुद्धिपत्र दाखव." तिनं मागच्या सीटवरचा कागद घ्यायला सांगितला. मी चष्मा लावला. बोललेल्या इंग्रजीतला तीनात एक शब्द माझा निसटतो, पण छापील मला कळतं. चांगलं लिहिलं होतं, नम्र. तिसऱ्या ओळीवर मात्र माझी पेन्सिल थांबली. 'मला मिळालेली माहिती चुकीची होती.'

"मिळालेली कुणाकडून गं?"

"त्या गावातल्या डायनरमध्ये एक ओल्ड मॅन होता."

"नाव काय त्याचं?"

"आत्या, आय डोन्ट रिमेंबर. तिथं रोज चार म्हातारे बसतात, त्यातला एक."

"बाकी सगळ्यांची नावं, तारखा, सगळं वहीत टिपतेस. याचंच नाव नाही?"

"आत्या प्लीज! मी ड्राइव्ह करतेय."

थोडं अंतर गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, "छापखान्यात लेखक यायचे, म्हणायचे, बाई, एवढं मुद्रणदोषात ढकला. मी ढकलायची. नोकरी होती. पण कुणाचा दोष कुठं चाललाय ते मला कळायचं." गार्गीनं रेडिओ लावला. 

शुक्रवार, गावात

गिल्डची वीस-बावीस माणसं आली होती. मला वाटलं होतं लांब केसांची, काळे कपडे घातलेली असतील. कसली! कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी दातांची डॉक्टर. सगळ्यात जुने सभासद डेल. आयुष्यभर ट्रक चालवलेले, सत्तरीचे, पोट सुटलेले गृहस्थ. रानातल्या विचित्र जनावरांवर लिहितात. ते माझ्याशी सावकाश बोलायचे म्हणून मला कळायचं. मी त्यांना चटणी दिली. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. त्या क्षणी तो माणूस मला आवडला.

दुपारी डेल मला गाव दाखवायला घेऊन गेले. गार्गीनं वाचनाआधी एडनाला भेटायचं नाही असा रिवाज आहे, मला मनाई नव्हती. आम्ही रस्त्यावरूनच निळं घर बघितलं. शेवंतीचे वाफे तुडवून सपाट झालेले. ओसरीवरच्या दिव्याची काच फुटलेली. एका फळीवर कुणीतरी, म्हणजे तिनंच, रंगानं लिहिलेलं, 'इथं माणूस राहतं.' 

खरी हकीकत मला डेलनी सांगितली, त्यांना ती एडनाकडूनच कळली होती. घराच्या पलीकडं ओढा आहे. त्यावर लाकडी पूल होता, मधल्या फळ्या गेलेल्या. दुसऱ्या पाळीची माणसं अंधारात खाणीतून परतायची. एडनाची आजी कंदील घेऊन रोज पुलावर उभी राहायची आणि त्यांना एकेक करून अलीकडं आणायची. नवरा स्फोटात गेला त्यानंतरही तिनं ते सोडलं नाही. दुसऱ्यांचे नवरे ती पुलावरून आणत राहिली, म्हातारी होईपर्यंत.

"स्फोट कशानं झाला?" मी विचारलं.

"ते कुणालाच कधी कळलं नाही," डेल म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "यात आणखी एक वाईट झालंय. एडना रोज सकाळी डायनरमध्ये कॉफीला जायची. तिच्या शाळेपासूनचे चार मित्र तिथं बसतात. पुस्तक आलं त्या दिवसापासून ती गेली नाही. त्या चौघांपैकीच कुणीतरी आपल्या आजोबांवर हा आळ घेतला, असं तिला वाटतं. कुणी ते तिला सांगत नाही आणि ती विचारत नाही."

मी तशीच मोटेलवर आले. गार्गी खिडकीशी बसून कागद पाठ करत होती. मी दार लावलं आणि डेलनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. कॉफीचं सांगितलं तशी तिनं कागद खाली ठेवला.

"गार्गी, तो म्हातारा खरंच होता का?"

ती खिडकीकडं वळली. मग म्हणाली, "गोष्टीला शेवटच नव्हता, आत्या. त्यांनी सांगितलं, बाई कंदील घेऊन फिरते. का फिरते, विचारलं. दे सेड, माहीत नाही. इट जस्ट स्टॉप्ड. मला ते अर्धवट वाटलं. मग मी... मी लिहिलं."

"दारू?"

"दारू, शरम, सगळं. वन ईव्हनिंगमध्ये सुचलं. सगळे म्हणाले, बेस्ट पीस इन द बुक."

खोटं का बोलू, मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. एका संध्याकाळी सुचलेल्या वाक्यानं एका मेलेल्या माणसाला दारुडा करून ठेवलं आणि चार जिवंत म्हाताऱ्यांना चुगलखोर! आणि त्याच वेळी ती हुंदके देत होती, तर तिला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही, खुर्ची ओढून समोर बसले.

"उद्या हे सांगितलंस तर काय होईल?"

"पहिलाच रूल मोडला मी. गिल्डमधून काढतील. माझं स्वतःचं पुस्तक येतंय, ते गिल्डच्या नावावर येतंय. ते पण कॅन्सल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"कुणालाच कळणार नाही."

"म्हणजे ती म्हातारी मरेपर्यंत एकटी कॉफी पिणार."

मी एवढंच म्हणाले. पुढं उपदेश केला नाही. बत्तीस वर्षांची आहे, तिचं तिला कळतं. रात्री जेवायला ती आली नाही.

शनिवार, अग्निशामकांच्या हॉलमध्ये

त्या गावात आगीचा बंब गावकरीच चालवतात. त्यांच्या हॉलमध्ये सकाळी अकराला वाचन होतं. बायकांनी घरून पदार्थ करून आणलेले, आपल्याकडच्या डबापार्टीसारखे. मी रिकाम्या हातानं आले होते आणि मला इतकं ओशाळं वाटलं, की मी भांडी मांडायला लागले.

एडना आधाराचा वॉकर घेऊन आली. लहानखुरी, निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले. पहिल्या रांगेत बसली. ते चार म्हातारे एकदम शेवटच्या रांगेत, टोप्या गुडघ्यांवर ठेवून. मधल्या सगळ्या खुर्च्या भरल्या, पण त्या चौघांनी आणि तिनं एकमेकांकडं पाहिलं नाही.

गार्गी उभी राहिली.  तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीशी थांबली.  तिनं कागदाची घडी घातली आणि जॅकेटच्या खिशात ठेवली.

"इथं लिहिलंय, की मला चुकीची माहिती मिळाली," ती म्हणाली. "मला ती कुणी दिली नाही. या गावात कुणीही मला तसं सांगितलं नाही. मी ते रचलं. गोष्ट चांगली दिसावी म्हणून रचलं."

 डेलनी डोळे मिटून घेतले.

एडनानं मान वर केली. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही, मॅम."

"डायनरमधलं कुणी?"

"नाही, मॅम. त्यांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, आम्हाला माहीत नाही."

एडनानं वॉकर धरला, उठली आणि मागं वळली. वेळ लागला तिला वळायला. ती शेवटच्या रांगेकडं बघत राहिली. त्या चौघांतला एक उंच म्हातारा उठून उभा राहिला.  मग दुसरा. चौघेही. एडनाचा चेहरा असा झाला, की मी खाली बघितलं. परक्या माणसानं ते बघू नये असं वाटलं.

पुढं वळून तिनं गिल्डच्या रिवाजाप्रमाणं आपलं बोलणं सांगितलं. डेल लिहून घेत होते. "त्यांचं नाव वॉल्टर होतं. ते दारू पीत नव्हते. एवढंच छापा."

डेलनी ते दोनदा वाचून दाखवलं. मग गार्गीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, की पुढचं तुला माहीत आहे. तिनं गळ्यातला गिल्डचा बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण बिल्ला परत केला नाही. मला डेलचा राग आला आणि त्याच क्षणी कळलं, की त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आम्ही निघत होतो तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. एडना. तिनं गार्गीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"यस, मॅम."

"ती पोरं पाचच्या सुमाराला येतात. आज मी दार उघडणार नाही. तू येऊन माझ्या पायरीवर बस आणि तूच त्यांना सांग."

निळ्या घराची पायरी

साडेचारला आम्ही जाऊन बसलो. ऊन अजून टाकीवर होतं. जाळीच्या दाराआड एडनाच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. मी तेवढ्यात शेवंतीच्या वाफ्यातली मोडलेली रोपं उपटून बाजूला केली. हात रिकामे ठेवून बसायची मला सवय नाही.

पाचला एक गाडी आली. तिघं उतरली, दोन मुली आणि एक मुलगा, कॉलेजातली. मोबाइल आधीच वर. "कंदीलवालीचं घर हेच ना?"

गार्गी उठली. "हेच. ते पुस्तकातलं मी लिहिलंय. त्यातला नवऱ्याचा भाग खोटा आहे." मग तिनं सांगितलं. पूल, गेलेल्या फळ्या, दुसरी पाळी, वॉल्टर. एकदाच ऐकलेलं असल्यासारखं अडखळत सांगितलं, एकही सुंदर वाक्य नव्हतं त्यात. पोरांचे मोबाइल हळूहळू खाली आले.

"म्हणजे भूत नाहीच?" एकीनं विचारलं. जरा हिरमुसली होती.

"भुताचं मला माहीत नाही. दारू नव्हती, एवढं माहीत आहे."

पोरं थोडा वेळ घुटमळली, सॉरी म्हणाली आणि गेली. कुणाला म्हणाली कोण जाणे, घराकडं बघून म्हणाली. गार्गी पायरीवर मटकन बसली. आणखी दोन गाड्या आल्या, तिनं दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज बसला होता.

मग जाळीचं दार उघडलं. एडना बाहेर आली आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसली. गार्गीचा हात सवयीनं पिशवीतल्या वहीकडं गेला.

"लिहू नकोस," एडना म्हणाली. "ऐक."

गार्गीनं हात मांडीवर ठेवले.

"रविवारी खाण बंद असायची," एडना म्हणाली. "पाळी नाही, कुणी यायचं नाही. तरी आजी कंदील लावून पुलापर्यंत जायची. थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. मी लहान असताना तिच्याबरोबर गेलेय."

ती थांबली. गोष्ट तिथंच संपली. मी गार्गीकडं बघितलं. तिचे ओठ हलले, 'का जायची?' हा प्रश्न तिथपर्यंत आलेला मला दिसला. तिनं तो विचारला नाही.

एडना बराच वेळ ओढ्याकडं बघत बसली. आम्हीही बसून राहिलो.